डिस्कचे नाव वेगळे, डिस्कची ओळख वेगळी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

संगणकाविषयीच्या सल्ल्यांत एक वाक्य पुन्हा पुन्हा छापून येते : ‘डिस्क दिसत नसेल, किंवा डिस्क बदलल्यावर संगणक सुरू होत नसेल, तर फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाका.’ हे वाचून लोक धडधाकट डिस्कवरच्या शाबूत फायली स्वतःच्या हाताने पुसतात. डिस्क खरोखर खराब झाली असेल तर गोष्ट वेगळी. पण केबल, पोर्ट, एन्क्लोजर (डिस्कची बाहेरची पेटी), मदरबोर्ड किंवा बायोसमधली (संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या प्रणालीतली) एखादी नोंद बदलल्यावर लगेच तक्रार सुरू झाली असेल, तर दोष बहुधा डिस्कचा नसतो. ऑपरेटिंग सिस्टिमला ती डिस्क पूर्वी जिथे आणि जशी भेटत होती, तिथे आणि तशी आता भेटत नाही, एवढेच झालेले असते. ही भेट कशी होते हे एकदा कळले की बिघाड शोधणे फारसे अवघड राहत नाही. त्यासाठी हे पत्र थोडे लांबले तरी सविस्तर लिहीत आहे.

डिस्क जोडल्याचे सर्वांत आधी कळते ते कंट्रोलरला, म्हणजे डिस्क आणि प्रोसेसर यांच्यामधल्या चिपला. साटा (संगणकाच्या आतल्या डिस्कांची एक जोडणी) डिस्कला वीज मिळाली की ती आणि कंट्रोलर एकमेकांना ठरावीक संकेत पाठवतात, दुवा जुळतो आणि कंट्रोलर प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे ‘इकडे लक्ष दे’ असा इशारा, देतो. यूएसबी २.० मध्ये उपकरणातला १.५ किलोओहमचा रेझिस्टर डेटाच्या दोन तारांपैकी एकीचा दाब वर खेचतो. हबला त्यावरून पोर्टात काहीतरी आल्याचे कळते. मग पोर्ट रिसेट होतो, उपकरणाला पत्ता मिळतो आणि त्याच्याकडून १८ बाइटचा परिचय वाचला जातो. इथपर्यंत ‘काहीतरी आले आहे’ एवढीच माहिती असते. पुढचा प्रश्न ड्रायव्हर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममधला ते उपकरण चालवणारा कार्यक्रम, विचारतो : तू कोण? साटा डिस्क उत्तरादाखल ५१२ बाइट पाठवते, एनव्हीएमई (वेगवान एसएसडींची पद्धत) डिस्क ४०९६. त्यात मॉडेल, अनुक्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती अशी माहिती असते. साटा डिस्क सेक्टरची (डिस्कवरच्या सर्वांत लहान खंडांची) संख्या आणि आकारही त्यातच सांगते; एनव्हीएमईला ते वेगळे विचारावे लागते. एवढे झाल्यावर डिस्कच्या सुरुवातीचा पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कच्या भागांची यादी, वाचला जातो. मग प्रत्येक पार्टिशनवर कोणती फाइल सिस्टिम (फायली मांडायची पद्धत) आहे ते तपासले जाते, आणि शेवटी त्याला ड्राइव्हचे अक्षर किंवा फोल्डर मिळते.

या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर गाडी अडली, हे पाहण्यातच अर्धे निदान असते. डिस्क बायोसलाच दिसत नसेल, तर विंडोज किंवा लिनक्स पुन्हा टाकून काडीचाही फरक पडणार नाही. केबल, वीज आणि पोर्ट तपासावे लागतील. बायोसमध्ये दिसते पण ऑपरेटिंग सिस्टिममध्ये दिसत नाही, अशा वेळी ड्रायव्हरवर संशय घ्यावा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क आहे पण पार्टिशन नाहीत, तर टेबल वाचता आलेला नाही. पार्टिशन दिसतात आणि फक्त अक्षर नाही, तर काम दोन मिनिटांचे आहे : अक्षर द्यावे आणि पुढे जावे. या चारही अवस्थांना सरसकट ‘डिस्क दिसत नाही’ म्हटले जाते आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

बायोसलाच डिस्क न दिसण्याची दोन कारणे फार कमी लोकांना माहीत असतात. पहिले असे, की अनेक मदरबोर्डांवर एम.२ खाच आणि एक-दोन साटा पोर्ट एकाच वाहिन्या वाटून घेतात. एम.२ मध्ये नवी एसएसडी बसवली की ते साटा पोर्ट बंद होतात. जुनी डिस्क ‘अचानक मेली’ असे वाटते. प्रत्यक्षात तिची केबल शेजारच्या पोर्टात हलवली की ती हजर होते. कोणता पोर्ट कोणत्या खाचेमुळे बंद होतो, याचा तक्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेला असतो. दुसरे कारण विजेच्या जोडणीतले. साटाच्या ३.३ आवृत्तीत वीजजोडणीच्या तिसऱ्या पिनला नवे काम मिळाले : तिथे ३.३ व्होल्ट आले की ही सोय असलेली डिस्क बंद अवस्थेत राहते. जुने पॉवर सप्लाय त्याच पिनवर कायम ३.३ व्होल्ट देत असतात. त्यामुळे यूएसबी एन्क्लोजरमध्ये व्यवस्थित चालणारी डिस्क बाहेर काढून संगणकात बसवली, तर ती फिरतसुद्धा नाही. चार पिनांच्या मोलेक्स जोडणीवरून साटा वीज घेणारा अॅडाप्टर लावला की ३.३ व्होल्टची तारच उरत नाही आणि डिस्क सुरू होते.

आता नावांविषयी. विंडोजमधले ‘डिस्क ०’, ‘डिस्क १’, लिनक्समधले ‘एसडीए’, ‘एसडीबी’ आणि मॅकमधले ‘डिस्क२’ ही सगळी हजेरीच्या क्रमाने मिळणारी नावे आहेत. आज जी डिस्क आधी सापडली ती ‘एसडीए’. उद्या पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला, तर तेच नाव पेनड्राइव्हला मिळू शकते. नवी लिनक्स कर्नेल (प्रणालीचा गाभा) डिस्कांचा शोध समांतर घेत असल्याने, काहीही न बदलता दोनदा सुरू केलेल्या संगणकावरही क्रम वेगळा येऊ शकतो. लिनक्स वापरणाऱ्यांना हा धडा २००७ च्या सुमारास मिळाला. तेव्हा आयडीई, म्हणजे साटापूर्वीच्या जोडणीच्या, डिस्कांसाठी नवे ड्रायव्हर आले, ‘एचडीए’चे ‘एसडीए’ झाले आणि जुनी नावे लिहून ठेवलेल्या प्रणाली अडकल्या. डिस्कची खरी ओळख तीन ठिकाणी असते : कारखान्यातून आलेला अनुक्रमांक, पार्टिशन टेबलातला शिक्का आणि फाइल सिस्टिमचा यूयूआयडी, म्हणजे तिचा स्वतंत्र ओळख-क्रमांक. जीपीटी या नव्या पद्धतीच्या टेबलात डिस्कला आणि प्रत्येक पार्टिशनला १२८ बिटांचा क्रमांक असतो. जुन्या एमबीआर टेबलात डिस्कसाठी फक्त चार बाइटची सही असते, ती पहिल्या सेक्टरच्या ४४० व्या बाइटपासून. फाइल सिस्टिमच्या क्रमांकाची लांबीही सारखी नसते : एक्सटी४ आणि एक्सएफएसचा १२८ बिटांचा, एनटीएफएसचा ६४ आणि फॅटचा अवघा ३२ बिटांचा.

म्हणून लिनक्समध्ये, कोणती डिस्क कुठे जोडायची याची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ या फायलीत ‘एसडीबी१’ लिहिणे हे पुढच्या अडचणीला दिलेले आमंत्रण आहे. ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा ‘एफ’ पर्यायासह दिली की प्रत्येक पार्टिशनचा यूयूआयडी दिसतो. तोच तिथे लिहावा. (या पत्रातल्या सर्व आज्ञा टंकताना अर्थातच रोमन अक्षरांत टंकायच्या.) बॅकअपची किंवा जादा डिस्क असेल, तर तिच्या ओळीत ‘नोफेल’ (डिस्क नसली तरी पुढे जा) हा पर्याय अवश्य घालावा. तो नसेल आणि डिस्क काढून ठेवलेली असेल, तर सिस्टिमडी, म्हणजे लिनक्स सुरू करणारा कार्यक्रम, तिची ९० सेकंद वाट पाहते आणि मग संपूर्ण संगणक आणीबाणीच्या पडद्यावर थांबवते. एका बॅकअप डिस्कपायी सर्व्हर सुरूच होत नाही, तो असा. ‘एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट’ची किंमत १० सेकंद ठेवली की वाट पाहणेही आटोपशीर होते. फाइल बदलल्यावर लगेच रीस्टार्ट करू नये. आधी ‘फाइंडएमएनटी’ ही आज्ञा ‘व्हेरिफाय’ पर्यायाने चालवावी, मग फाइल सिस्टिम फोल्डरांना जोडणारी ‘माउंट’ ही आज्ञा ‘ए’ पर्यायाने. दोन्ही वेळा काही तक्रार आली नाही, तरच पुढे जावे.

‘नोफेल’चा एक धोका मात्र कुणी सांगत नाही. डिस्क जोडलेली नसतानाही तिचे फोल्डर मुख्य डिस्कवर रिकामे उभे असते. रात्री आपोआप चालणारा बॅकअप मुकाट्याने त्याच फोल्डरात लिहीत राहतो आणि मुख्य डिस्क भरते. नंतर खरी डिस्क जोडली की ती त्या फोल्डरवर बसते आणि खाली लिहिलेला मजकूर झाकला जातो. जागा कुठे गेली ते कळत नाही, आणि बॅकअप झाला असे समजून चाललेल्याला तो डिस्कवर मिळत नाही. उपाय सोपा आहे. डिस्क जोडलेली नसताना त्या रिकाम्या फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर’ आज्ञेने ‘आय’ ही खूण लावून ठेवावी. मग डिस्कविना तिथे कुणालाच लिहिता येत नाही, आणि बॅकअप स्पष्ट चूक दाखवून थांबतो. गुपचूप भलतीकडे लिहिणाऱ्या बॅकअपपेक्षा ओरडून थांबणारा बॅकअप शतपटीने बरा.

विंडोज ही ओळख रजिस्ट्री या आपल्या सेटिंगांच्या साठ्यातल्या ‘माउंटेड डिव्हायसेस’ या कप्प्यात ठेवते. एमबीआर डिस्क असेल तर तिथे १२ बाइटची नोंद असते : चार बाइट डिस्कची सही आणि आठ बाइट पार्टिशनच्या सुरुवातीचे अंतर. जीपीटी डिस्कसाठी पार्टिशनचा १२८ बिटांचा क्रमांक लिहिलेला असतो. म्हणजे ‘ई’ हे अक्षर डिस्कवर कोरलेले नसते. ते त्या विशिष्ट विंडोजच्या वहीत लिहिलेले असते. तीच डिस्क दुसऱ्या संगणकावर ‘एफ’ होईल, आणि विंडोज नव्याने टाकल्यावर आणखी काही. बाहेरच्या डिस्कवर हिशेब किंवा फोटोंचा साठा ठेवून कार्यक्रमांना तो ठरावीक अक्षराने दाखवलेला असेल, तर त्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटचे एखादे अक्षर, ‘आर’ किंवा ‘टी’, हाताने देऊन ठेवावे. पेनड्राइव्ह सुरुवातीची मोकळी अक्षरे पटकावतात. शेवटची सहसा कुणी घेत नाही.

क्लोन केलेल्या डिस्कांचा त्रास याच ओळखीतून उद्भवतो. बाइटन्‌बाइट नक्कल केली की सहीचीही नक्कल होते. एकाच सहीच्या दोन डिस्क समोर आल्या की विंडोज दुसरीला ‘ऑफलाइन’ ठेवते, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये सही जुळत असल्याचे कारणही सांगते. इथे घाईने ‘ऑनलाइन’ दाबले की विंडोज त्या डिस्कवर नवी सही लिहिते. ती डिस्क नुसती फायली ठेवायला असेल तर बिघडत नाही. पण तीच पुढे मुख्य डिस्क म्हणून लावायची असेल, तर घात होतो : बूटच्या (संगणक सुरू करण्याच्या) नोंदीत जुनी सही असते, डिस्कवर नवी, आणि संगणक सुरू करताना ‘सी००००००ई’ या क्रमांकाची चूक येते. म्हणून क्लोन पूर्ण झाला की संगणक पूर्ण बंद करावा, जुनी डिस्क केबलसकट काढावी आणि पहिल्यांदा एकट्या नव्या डिस्कवरून सुरू करावे. जुनी डिस्क निदान काही दिवस बाजूला ठेवावी आणि नंतर एखाद्या वेगळ्या संगणकावर रिकामी करून मगच पुन्हा जोडावी.

लिनक्समध्ये नक्कल आणखी काळजीने हाताळावी लागते. दोन पार्टिशनांचा यूयूआयडी एकच असेल, तर त्यांपैकी कोणते जोडले जाईल याचा भरवसा नाही. आपण नव्यावर काम करतो आहोत असे वाटते आणि बदल जुन्यावर होत असतात. एक्सएफएस अशा जुळ्या भावाला जोडायला सरळ नकार देते. एलव्हीएम (अनेक डिस्कांची जागा एकत्र वाटणारी व्यवस्था) दुहेरी पीव्हीची, म्हणजे एकाच ओळखीच्या दोन डिस्कांची, तक्रार करते. बीटीआरएफएसच्या बाबतीत मूळ आणि नक्कल एकाच वेळी एकाच संगणकाला जोडलेली असताना माउंट करणे सर्वांत घातक, कारण त्या फाइल सिस्टिमला अनेक डिस्कांचा एक संच धरायची सवय असते आणि ती दोन प्रतींची सरमिसळ करू शकते. नक्कल कायम जोडून ठेवायची असेल, तर तिचा क्रमांक बदलावा : एक्सटी४ साठी ‘ट्यून२एफएस’, एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस अॅडमिन’, एलव्हीएमसाठी ‘व्हीजीइम्पोर्टक्लोन’.

लहान डिस्कवरून मोठीवर नक्कल केली की आणखी एक बारीक अडचण येते. जीपीटीचा मुख्य मथळा डिस्कच्या दुसऱ्या सेक्टरमध्ये आणि राखीव प्रत अगदी शेवटच्या सेक्टरमध्ये असायला हवी. नक्कल केल्यावर ती राखीव प्रत मोठ्या डिस्कच्या अधेमध्येच राहते. साधने त्यावर इशारा देतात आणि पुढची मोकळी जागा वापरू देत नाहीत. ‘एसजीडिस्क’ ही आज्ञा लहान ‘ई’ पर्यायासह चालवली की प्रत शेवटी सरकते. इशारा पाहून टेबल नव्याने बनवायचे काही कारण नाही.

आता बायोसमधल्या नोंदीविषयी, कारण विंडोज पुन्हा टाकण्याचे प्रसंग इथे सर्वाधिक येतात. साटा कंट्रोलर ‘रेड’ (अनेक डिस्कांचा एक संच) किंवा जुन्या ‘आयडीई’ पद्धतीवर असताना विंडोज टाकलेले असते. नंतर कुणी एसएसडी वेगाने चालावी म्हणून, किंवा लिनक्सला डिस्क दिसावी म्हणून, ती पद्धत ‘एएचसीआय’, म्हणजे साटाची नेहमीची पद्धत, करतो. संगणक निळ्या पडद्यावर थांबतो : ‘इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, स्टॉप कोड ७बी. कारण असे, की विंडोज सुरू होताना फक्त तेच डिस्क-ड्रायव्हर लगेच उठवते, जे आधीच्या वेळी लागले होते. नव्या कंट्रोलरचा ड्रायव्हर विंडोजमध्येच पडून असतो, पण त्याला हाक मारली जात नाही. डिस्कवरचे एक अक्षरही हललेले नसते. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे बायोसमधली नोंद पूर्ववत करणे. विंडोज पहिल्यासारखे सुरू होते.

बदल हवाच असेल, तर क्रम असा आहे. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कूटबद्ध करणारे साधन) चालू असल्यास आधी तो तात्पुरता स्थगित करावा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. बायोसमधला किंवा बूटच्या क्रमातला बदल टीपीएमला (किल्ल्या सांभाळणाऱ्या चिपला) संशयास्पद वाटू शकतो आणि मग ती की मागितली जाते. ती नसेल तर फायली खरोखरच हातच्या जाऊ शकतात. त्यानंतर प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीएडिट’ने सेफबूट ‘मिनिमल’ करावे. रीस्टार्ट करताना थेट बायोसमध्ये जाऊन पद्धत ‘एएचसीआय’ करावी आणि जतन करावी. विंडोज सेफ मोडमध्ये सुरू होते, तिथे आवश्यक ड्रायव्हर उठतो आणि त्याची नोंद होते. मग त्याच ‘बीसीडीएडिट’ने सेफबूटची किंमत काढून टाकावी आणि नेहमीसारखे सुरू करावे. शेवटची पायरी विसरली तर संगणक दर वेळी सेफ मोडमध्येच उघडत राहतो, एवढाच त्रास. मात्र ‘रेड’ पद्धतीत दोन डिस्क खरोखर एक संच म्हणून जोडलेल्या असतील, तर या वाटेला जाऊच नये. ‘एएचसीआय’मध्ये त्या दोन सुट्या डिस्क म्हणून दिसतील आणि विंडोजला सुरू व्हायला संचच उरणार नाही.

लिनक्सची डिस्क उचलून दुसऱ्या संगणकात लावली की याच जातीची अडचण येते. फेडोरा आणि रेड हॅट घराण्यात सुरुवातीची छोटी प्रतिमा, म्हणजे इनिटरॅमएफएस, त्या संगणकाला लागतील तेवढेच ड्रायव्हर घेऊन बांधली जाते. नव्या मदरबोर्डचा कंट्रोलर निराळा असेल तर मूळ डिस्क सापडत नाही. बूटच्या यादीतल्या ‘रेस्क्यू’ नोंदीत सगळे ड्रायव्हर असतात. तिथून सुरू करून ‘ड्रॅकट’ने प्रतिमा पुन्हा बांधावी. डेबियन आणि उबुंटू मुळातच बहुतेक ड्रायव्हर सोबत ठेवतात, म्हणून ते या बाबतीत सहसा अडत नाहीत. मदरबोर्ड बदलल्यावर आणखी एक गोष्ट हरवते : यूईएफआयची (नव्या पद्धतीच्या बायोसची) बूट नोंद. ती डिस्कवर नसून जुन्या मदरबोर्डच्या स्मृतीत असते. विंडोजसाठी दुरुस्तीच्या पडद्यावरून ‘बीसीडीबूट’ चालवले की नोंद पुन्हा तयार होते. इथेही फॉरमॅटची गरज नाही.

माझ्या मते सर्वांत जास्त मजकूर मात्र वेगळ्याच प्रसंगात वाया जातो. बाहेरची यूएसबी डिस्क. तिची पेटी किंवा केबलचा जोड बिघडतो. कुणीतरी आतली डिस्क काढून थेट साटाला लावतो आणि विंडोज म्हणते, ‘डिस्क इनिशियलाइज करा’. डिस्क गेली असे समजून लोक होकार देतात. घडलेले असते ते असे. ५१२ बाइटच्या सेक्टरने एमबीआर टेबल फक्त २ टेबीबाइट, म्हणजे सुमारे २.२ टेराबाइटपर्यंत मोजू शकतो. जुन्या ३२ बिटी विंडोज एक्सपीला जीपीटी वाचता येत नसे. तिलाही मोठ्या डिस्क चालाव्यात म्हणून काही एन्क्लोजरमधली चिप ‘माझा सेक्टर ४०९६ बाइटचा आहे’ असे सांगत असे. त्याच हिशेबाने डिस्कवर पार्टिशन पडली. पेटीबाहेर तीच डिस्क स्वतःचा सेक्टर ५१२ बाइटचा सांगते, आणि टेबलातला प्रत्येक आकडा आठपट कमी अंतरावर बोट ठेवतो. १ मेबीबाइटवर सुरू होणारे पार्टिशन १२८ किबीबाइटवर शोधले जाते. तिथे काहीच नसते. जीपीटी असेल तर तिचा मथळा ५१२ व्या बाइटवर शोधला जातो आणि तो बसलेला असतो ४०९६ व्या बाइटवर.

या क्षणी ‘इनिशियलाइज’ करून जीपीटी निवडली, तर नवा टेबल ५१२ व्या बाइटपासून १७,४०८ व्या बाइटपर्यंत लिहिला जातो, म्हणजे नेमका जुन्या मथळ्यावर. फायली अजून जागेवर असतात, पण त्यांच्याकडे नेणारा नकाशा गेलेला असतो. त्यावर पुन्हा फॉरमॅट केले की परतीची वाट फारच अरुंद होते. योग्य मार्ग असा : इनिशियलाइजच्या खिडकीत ‘कॅन्सल’ दाबावे, डिस्क त्याच जातीच्या एन्क्लोजरमध्ये परत घालावी आणि फायली दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. तसे एन्क्लोजर मिळत नसेल तर लिनक्सवर ‘लूसेटअप’ ही आज्ञा सेक्टरचा आकार ४०९६ देऊन, फक्त-वाचन पर्यायासह आणि पार्टिशन शोधायला सांगून चालवावी. पार्टिशन जसेच्या तसे समोर येतात. काही एन्क्लोजरमधली चिप मजकूर कूटबद्ध करूनही लिहिते. अशी डिस्क थेट जोडल्यावर नुसता कचरा दिसतो, आणि तीच चिप हाच तिचा एकमेव दुभाषा असतो. म्हणून बिघडलेल्या पेटीतला छोटा बोर्ड कधीही फेकून देऊ नये.

चालू संगणकात डिस्क लावणे-काढणे याबद्दल थोडक्यात. साटाच्या जोडणीत ग्राउंडच्या (अर्थिंगच्या) पिना मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात, त्या आधी टेकतात. त्यामुळे जोडणी स्वतः त्यासाठी तयार असते. तरी बायोसमध्ये त्या पोर्टासाठी ‘हॉट प्लग’ चालू असावे लागते. लॅपटॉपवर आणि वीज वाचवणाऱ्या संगणकांवर दुव्याची वीजबचत चालू असेल, तर डिस्क आल्याचा संकेतच दुर्लक्षिला जाऊ शकतो. अशा वेळी विंडोजच्या ‘डिस्कपार्ट’मध्ये ‘रीस्कॅन’ म्हणावे. लिनक्समध्ये ‘सिस’ फोल्डरातल्या, त्या कंट्रोलरच्या ‘स्कॅन’ फायलीत जागा सोडून तीन आडव्या रेघा लिहाव्यात. तिन्ही रेघांचा अर्थ ‘सगळीकडे शोध’ असा होतो. काढताना आधी अनमाउंट, मग त्या डिस्कच्या ‘डिलीट’ फायलीत १ लिहायचा, तिचे फिरणे थांबू द्यायचे आणि मगच केबलला हात लावायचा.

कॉपीची पट्टी शंभर टक्क्यांवर पोचली की मजकूर डिस्कवर गेला, हाही एक गैरसमज आहे. लिनक्स लिहायचा मजकूर आधी मेमरीत ठेवते. मूळ सेटिंगमध्ये तो ३० सेकंदांपर्यंत तिथे थांबू शकतो, आणि तो उतरवायला दर ५ सेकंदांनी फेरी होते. पेनड्राइव्ह हळू असेल तर फेरी सुरू झाल्यावरही बराच वेळ लागतो. ‘सिंक’ ही आज्ञा संपेपर्यंत थांबावे. विंडोजने २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून यूएसबीसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ सेटिंग केले आणि धोका पुष्कळ कमी झाला. पण कॉपी चालू असताना उपटलेली डिस्क आजही बिघडू शकते.

विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ इथे आड येते. ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पूर्ण बंद होत नाही; कर्नेलची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच उघडली जाते. मध्यंतरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकावर तिच्यात काही लिहिले, तर परत आल्यावर विंडोजच्या आठवणीतली फाइल सिस्टिम आणि प्रत्यक्षातली फाइल सिस्टिम जुळत नाहीत. लिनक्स अशा एनटीएफएस पार्टिशनवर लिहायला नकार देते ते याच कारणाने, आणि त्या नकारावर जबरदस्ती करू नये. डिस्कला हात लावण्यापूर्वी शिफ्ट दाबून शट डाउन करावे. हे नेहमीचेच काम असेल तर ‘पॉवरसीएफजी’ने हायबरनेशन कायमचे बंद करावे.

डिस्क तीच राहून तिचा आकार वाढण्याचा प्रकार आभासी संगणकांवर रोजचा आहे. डिस्क ‘माझी क्षमता बदलली’ असा इशारा देते. लिनक्स त्याची नोंद लॉगमध्ये करते, पण आकार स्वतःहून बदलेलच असे नाही. डिस्कच्या ‘रीस्कॅन’ फायलीत १ लिहावा, मग पार्टिशन वाढवावे, मग फाइल सिस्टिम. हा क्रम उलटा चालत नाही. विंडोजमध्ये ‘एक्स्टेंड’ अंधुक दिसत असेल, तर मोकळी जागा आणि ‘सी’ यांच्यामध्ये बहुधा रिकव्हरी पार्टिशन बसलेले असते.

अनेक डिस्कांचा संच असेल तर बदल करण्यापूर्वी ओळखीची यादी करणे सर्वांत मोलाचे. लिनक्सच्या एमडी रेडमध्ये प्रत्येक डिस्कवर संचाचा यूयूआयडी आणि त्या डिस्कची जागा लिहिलेली असते, म्हणून केबलांची अदलाबदल झाली तरी संच ‘असेंब्ल’ने जुळतो. ‘संच दिसत नाही’ म्हणून ‘क्रिएट’ चालवणे मात्र आत्मघातकी आहे. त्याने जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात. आणि खराब डिस्क काढताना ‘एसडीसी खराब’ एवढ्या माहितीवर तिसऱ्या खणातली डिस्क ओढू नये. एक डिस्क गमावलेल्या संचातून चांगली डिस्क ओढली की उरलेला संचही बंद पडू शकतो. संच व्यवस्थित चालू असतानाच प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक ‘एलएसबीएलके’ने किंवा पॉवरशेलच्या ‘गेट-डिस्क’ने काढून घ्यावा. त्याचे शेवटचे चार अंक चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी खणाच्या दर्शनी कडेवर, डिस्क बाहेर न काढता वाचता येईल अशी चिकटवावी.

आपला नम्र,
एक वाचक